आधी खेळ की आधी कवायत? मुलांना खो-खो शिकवण्याच्या तीन रीती

वाचकहो, माझा व्यवसाय होमिओपॅथीचा. गेली पस्तीस वर्षे बडोद्यात दवाखाना चालवतो आहे. तेव्हा या मालेत मी औषधांविषयी लिहीन, अशी तुमची अपेक्षा असेल तर ती रास्तच आहे. पण दवाखान्यात सर्दी-खोकल्याचे मूल घेऊन आलेले आई-वडील पुड्या हातात घेऊन उठता उठता जो प्रश्न विचारतात, तो हल्ली औषधाचा नसतो. "डॉक्टर, याला मैदानावर घालावं म्हणतो. कोणाकडे घालू?" असा तो असतो. हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी कोणाचे तरी नाव सांगून मोकळा झालो. नंतर वाटले, नाव सांगून भागत नाही. मैदानाच्या कडेला अर्धा तास उभे राहून काय पाहायचे, हे आई-वडिलांना सांगता आले पाहिजे. त्यासाठीच हा लेख. उदाहरणासाठी खो-खो घेतला आहे, कारण तो मी थोडाफार खेळलो, आणि तो आपल्या गावाचा खेळ आहे.

आपल्या गावाचा म्हणतो ते अभिमानापोटी नव्हे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांचे रूप देण्यास सुरुवात केली, आणि १९२४ साली बडोद्यात त्याचे नियम छापले गेले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' याच शहरातून निघाला. खो-खोतला पहिला अर्जुन पुरस्कार १९७० साली मिळाला तो बडोद्याच्या सुधीर परबांना. त्या वेळी मी शाळकरी होतो. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मुलाला त्या वर्षी खो-खोच खेळायचा होता. मलाही.

माझी अडचण वेगळीच होती. आमचे घर जैन. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचे, हा आजीचा नियम. मैदान साडेचारला सुरू होई. पहिला तासभर कवायत: बसणे, उठणे, खांबाला वळसा घालणे, रांगेत खो देणे. खेळ शेवटी, साडेपाचनंतर. हिवाळ्यात बडोद्यात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. म्हणजे खेळ सुरू व्हायचा त्याच वेळी मी चपला घालून घराकडे पळायचो. असे दोन हिवाळे गेले. माझी बैठक मास्तर इतरांना दाखवायचे, इतकी ती नेटकी झाली होती. पण मी खेळ असा खेळलोच नव्हतो. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी मुद्दा समजून घेऊ.

ज्यांना खेळ विसरला असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. मैदान साधारण २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, मधून एक लांब पाटी, आणि तिच्यावर आठ चौरस. पाठलाग करणाऱ्या संघाचे ८ जण या चौरसांत बसतात. एकाचे तोंड या बाजूला, तर शेजारच्याचे त्या बाजूला. नववा धावतो. समोरच्या संघाचे पळणारे तिघातिघांच्या तुकड्यांनी आत येतात. पळणाऱ्याला सगळे मैदान मोकळे. तो बसलेल्या दोघांच्या मधून सहज पलीकडे निसटतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र तसे जाता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरताही येत नाही. पलीकडे जायचे असेल तर पलीकडे तोंड करून बसलेल्या गड्याला पाठीमागून हात लावून 'खो' म्हणायचे आणि स्वतः त्याच्या जागी बसायचे. उरलेला पाठलाग त्याने करायचा.

नियमांची ही बांधणी नीट पाहा. पळणाऱ्याला सगळी मोकळीक आहे, तर पाठलाग करणाऱ्यावर सगळी बंधने. त्या बंधनांवर एकच उतारा आहे, तो म्हणजे दुसऱ्याला खो देणे. म्हणून या खेळात शिकण्यासारख्या गोष्टी दोन जातींच्या आहेत. एक जात अंगाची: टाचा उचलून बसणे, झटक्यात उठणे, खांबावर हाताने झोक घेऊन वळणे, सूर मारणे, हुलकावणी देणे. दुसरी जात नजरेची आणि निर्णयाची: खो केव्हा द्यायचा आणि कोणाला. पळणारा तिसऱ्या आणि चौथ्या चौरसामधून पलीकडे गेला, तर लगेचच्या गड्याला खो द्यावा की एक सोडून पुढच्याला? लवकर दिला तर पळणारा ते पाहतो आणि पुन्हा अलीकडे येतो. उशिरा दिला तर तो दोन चौरस पुढे गेलेला असतो. हा निर्णय एका सेकंदाच्या आत घ्यायचा असतो, आणि कडेला उभ्या असलेल्या आई-वडिलांना तो दिसतच नाही. त्यांना दिसतो फक्त सूर.

शिकवण्याच्या रीतींमधला फरक नेमका इथे आहे: या दोन जातींपैकी आधी कोणती शिकवायची?

पहिली रीत आपल्या सर्वांच्या परिचयाची, कवायतीची. खेळाचे सुटे भाग करायचे, एकेक भाग घोटून घ्यायचा आणि सगळे भाग जमले की ते जोडून खेळ खेळवायचा. हिला नावे ठेवण्याआधी तिचे गुण मान्य केले पाहिजेत. एका शिक्षकासमोर ४५ मुले असतील तर हीच रीत हाताशी येते. गुडघा कसा ठेवावा, पंजावर भार कसा घ्यावा, हे सांगितल्याशिवाय बहुतेक मुलांना उमगत नाही. चुकीचे बसणारे मूल उठताना अर्धा सेकंद घालवते आणि वर गुडघा दुखवून घेते. भित्र्या मुलालाही ही रीत सोयीची, कारण रांगेत प्रत्येकाची पाळी येतेच.

पण हिचा दोष मुळातच आहे. कवायतीत पळणारा नसतो. शिट्टी वाजली की उठायचे, शिट्टी वाजली की खो द्यायचा. मुलाचे पाय शिकतात, कान शिकतात, डोळे मात्र काहीच शिकत नाहीत. खेळात शिट्टीवर कोणी निसटत नाही. तिथे पळणाऱ्याचा खांदा कुठे झुकला, हे पाहून उठावे लागते. कवायतीत तो खांदाच नसतो.

दुसरी रीत याच्या उलट, आधी खेळाची. या विचाराला शास्त्राचे रूप इंग्लंडमध्ये मिळाले. लफबरो विद्यापीठातले डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ साली एक लेख प्रसिद्ध केला. शाळांमधून मुलांना चेंडू अडवणे, फेकणे, मारणे वर्षानुवर्षे शिकवले जाते. तरीही पुष्कळ मुले शाळा सोडताना फारसे यश न चाखता आणि खेळ न समजता बाहेर पडतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांनी सहा पायऱ्या सांगितल्या. आधी मुलांच्या वयाला झेपेल असा छोटा केलेला खेळ. मग त्या खेळाची जाण. मग डावपेचांचे भान. मग 'आता काय करू आणि ते कसे करू' हा निर्णय. त्यानंतर कौशल्य. शेवटी प्रत्यक्ष कामगिरी. कौशल्य पाचव्या पायरीवर आहे, हे लक्षात घ्या. ते टाकून दिलेले नाही, ते मागाहून येते. मुलाला त्याची गरज खेळात भासल्यावर येते.

खो-खोत हे कसे करायचे? अर्धे मैदान घ्या. आठऐवजी चौघे बसवा. पळणारा एकच, आणि वेळ ४० सेकंद. खेळ थांबला की शिक्षकाने शिकवायचे नाही, विचारायचे: "तो तुझ्या हातून कसा सुटला?" "तू खो दिलास तेव्हा त्याचं तोंड कुठं होतं?" "मग कोणाला द्यायला हवा होतास?" मुले उत्तरे देतात, भांडतात, पुन्हा खेळतात. पाचव्या-सहाव्या फेरीला एखादे मूल आपण होऊन म्हणते, "सर, मला कळतंय कुठे जायचं, पण उठायलाच वेळ लागतो." बैठक शिकवण्याचा क्षण तो. त्या दिवशी शिकवलेली बैठक मूल विसरत नाही, कारण ती त्याने मागितलेली असते. आमच्या होमिओपॅथीतही आधी सविस्तर विचारपूस आणि मग औषध, हाच क्रम असतो. त्यामुळे ही रीत मला चटकन पटली हे कबूल करतो.

तरी हिचेही दोष आहेत. पहिला दोष असा की हिला चांगला शिक्षक लागतो. कवायत घेणे सोपे, योग्य प्रश्न विचारणे अवघड. ज्याला प्रश्न सुचत नाहीत तो शिक्षक 'आधी खेळ' म्हणत मुलांना सोडून देतो आणि सावलीत जाऊन बसतो. दुसरा दोष खो-खोत फार ठळक दिसतो. पोरे आपल्या दोस्तांना आणि जोरकस गड्यांनाच खो देतात. एखादी बुजरी मुलगी सातव्या चौरसात सगळा डाव बसून राहते आणि तिला एकही खो मिळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती खेळते आहे असेच वाटते. यावर उपाय साधा आहे: प्रत्येकाला एकदा खो मिळाल्याशिवाय कोणालाही दुसऱ्यांदा नाही, असा नियम छोट्या खेळात घालायचा. मग जोरकस मुलांनाही 'हिला केव्हा दिला तर उपयोग होईल' याचा विचार करावा लागतो. तिसरा दोष सुरक्षिततेचा, त्याकडे मी पुढे येतो.

तिसरी रीत पुस्तकात नाही, पण तुमच्यापैकी साठी उलटलेल्या बहुतेकांनी तिच्यातच शिक्षण घेतले आहे. वाड्यात, गल्लीत, देवळामागच्या पटांगणात मोठ्या मुलांमध्ये खेळून शिकण्याची ही रीत. तिथे शिक्षक नव्हता, शिट्टी नव्हती. पण एक फार शहाणी सोय होती: कच्चा लिंबू. धाकटे भावंड पाठीमागे लागले की त्याला कच्चा लिंबू म्हणून डावात घ्यायचे. तो खरोखरच्या खेळात असतो, धावतो, ओरडतो, त्यालाही खो मिळतो. फक्त तो बाद झाला तर मोजायचे नाही. चुकण्याची शिक्षा नाही, आणि खेळाबाहेरही नाही. वर्षभरात तो कधी पक्का होतो ते कोणाच्या लक्षातही येत नाही. वयाला झेपेल असा खेळ करून द्या, असे लफबरोच्या प्राध्यापकांनी सांगितले. आपल्या गल्लीतल्या पोरांनी ते कधीच ओळखले होते.

पण जुन्याचे गोडवे गाताना डोळे मिटून चालणार नाही. त्या गल्लीत मुली दहा-बारा वर्षांच्या झाल्या की घरात बोलावल्या जात. लठ्ठ मुलाला, तोतऱ्या मुलाला जे ऐकावे लागे ते खेळापेक्षा जास्त काळ लक्षात राहिले. आणि ज्याचे बसणे चुकीचे, त्याचे ते जन्मभर चुकीचेच राहिले. शिवाय ती गल्लीच आता कुठे आहे? तिथे गाड्या उभ्या असतात.

मग या रीतींची तुलना कोणी केली आहे का? केली आहे, वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या खेळांत. मुख्यतः कवायतीची आणि 'आधी खेळ' या रीतीची. निकाल एकमुखी नाहीत. ढोबळमानाने एवढे म्हणता येते की, सुट्या कौशल्याची परीक्षा घेतली तर दोन्हीकडची मुले फारशी मागेपुढे नसतात. खेळाची समज आणि निर्णय यांत 'आधी खेळ' रीतीची मुले पुष्कळदा सरस ठरतात. पण यांतले बरेच प्रयोग काही आठवड्यांचेच होते, आणि काही आठवड्यांत खेळाडू घडत नाही.

मला जास्त बोलका वाटतो तो दुसराच एक प्रयोग. १९७९ साली जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनी काही जणांना हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. एका गटाने पहिली हालचाल पूर्ण घोटली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाने तिन्ही उलटसुलट मिसळून केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट चांगला दिसला. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकलेला गट पुढे होता. प्रयोग साध्या हालचालींचा होता, मैदानावरचा नव्हता. पण आई-वडिलांनी तो ध्यानात ठेवावा. रांगेत सुबक चाललेली कवायत पाहून आपण खूश होतो, आणि गोंधळ चाललेला छोटा खेळ पाहून 'इथे काही शिकवत नाहीत' म्हणतो. सरावात जे सुबक दिसते ते टिकतेच असे नाही.

आता माझे मत सांगतो. डॉक्टर म्हणून एक गोष्ट आधी वेगळी काढतो. काही कौशल्ये मुलांनी खेळता खेळता आपोआप शोधून काढावीत, असे म्हणता येणार नाही. सूर मारणे, खांबावर वेगात वळणे आणि पडणे ही ती तीन. ती मऊ जमिनीवर किंवा मॅटवर, सावकाश, एकेका मुलाला हात धरूनच शिकवली पाहिजेत. इथे कवायतीला पर्याय नाही. सूर तर नऊ-दहा वर्षांच्या आत शिकवण्याची घाई नको.

दुसरे, वाढीच्या वयात, साधारण नऊ ते चौदाच्या दरम्यान, टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखणे पुष्कळ मुलांना होते. वाढत्या हाडाला स्नायूंचा ताण पडतो म्हणून ते होते. उकिडवे बसून झटक्यात उठण्याची शेकडो आवर्तने त्यात भर घालतात. अशा मुलाला माझ्या डब्यातल्या साखरेच्या गोळ्यांपेक्षा काही आठवडे कमी आवर्तनांची गरज असते, आणि दुखणे हटले नाही, सूज आली किंवा मूल लंगडू लागले तर हाडांच्या डॉक्टरांची. हे मी माझ्या दवाखान्यात स्पष्ट सांगतो. "सर म्हणतात, दुखलं तरी चालव" असे म्हणणारे मूल भेटले की मी वडिलांना सरांना भेटायला पाठवतो.

या दोन गोष्टी वगळल्या तर पाऊण तासाचा क्रम मी असा ठेवीन. आधी पाच मिनिटे अंग मोकळे करणे. मग पंधरा मिनिटे छोटा खेळ. मग पाच मिनिटे प्रश्न. मग दहा मिनिटे कवायत, पण त्या दिवशीच्या खेळात जे कमी पडले त्याचीच. शेवटी दहा मिनिटे पुन्हा खेळ, म्हणजे शिकलेले लगेच कामाला लागते. आठ-नऊ वर्षांपर्यंत कवायत नावालाच असावी. पकडापकडी आणि चौघांचा खो-खो पुरे. दहा ते बारा या वयात वर सांगितलेला क्रम. तेराच्या पुढे ज्यांना स्पर्धा खेळायच्या आहेत त्यांनी कवायत खुशाल वाढवावी. एव्हाना ती कशासाठी, हे त्यांना कळलेले असते.

हे आत्ता सांगण्याचे कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवून ती जिंकली. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे या दोन कर्णधारांची नावे घराघरांत पोचली, आणि माझ्या दवाखान्यातला 'कोणाकडे घालू' हा प्रश्न वाढला. आनंदाची गोष्ट आहे. पण त्याबरोबर सातव्या वर्षी मुलाला सूर शिकवणारे वर्गही येतील, आणि ती कवायत दिसायला सुंदर असेल.

तेव्हा मैदानाच्या कडेला अर्धा तास उभे राहा आणि आपल्या मुलाकडे नव्हे, सगळ्यांत मागे बसलेल्या मुलाकडे पाहा. त्याला किती वेळा खो मिळाला ते मोजा. शिक्षक किती वेळा ओरडले आणि किती वेळा विचारले, ते मोजा. घरी येताना मुलाला "किती गडी मारलेस?" असे विचारू नका. "आज तुला खो कोणी दिला, आणि तू कोणाला दिलास?" असे विचारा. त्याला सांगता आले तर मैदान बरे आहे.

माझी गोष्ट अर्धी राहिली. तिसऱ्या हिवाळ्यात एके दिवशी मास्तरांनी मला फाटकात थांबवले. "रोज खेळाच्या वेळी पळतोस कुठे?" मी आजीचा नियम सांगितला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी साडेचारला मैदानावर गेलो तर पाटीवर गडी बसलेले होते. त्यांनी मला चौथ्या चौरसात बसायला सांगितले. कवायत त्या दिवशी मागून होती.

मला खो मिळाला. मी दोन वर्षे घोटल्याप्रमाणे झकास उठलो, दिशा धरली आणि सरळ खांबापर्यंत धावत गेलो. पळणारा वाटेतच दोघांच्या मधून पलीकडे गेला होता. माझ्या वाटेत दोन गडी पलीकडे तोंड करून बसले होते, पण मी एकालाही खो दिला नाही. सगळी पोरे हसली. मास्तर हसले नाहीत. जवळ येऊन त्यांनी विचारले, "तो कुठून गेला?"

"मला दिसलाच नाही," मी म्हणालो.

"मग आता पायाकडं नको बघू, त्याच्याकडं बघ. पुन्हा बस."

त्या हिवाळ्यात मैदानाचा क्रम तसाच राहिला: आधी खेळ, मग कवायत. साडेपाचला मी घरी निघायचो तेव्हा माझा खेळ होऊन गेलेला असायचा, आणि जेवताना आजीला सांगायला माझ्याकडे रोज काहीतरी असायचे.